घागर, तुरटी आणि गुरुत्वाकर्षण

‘सस्पेन्शन’ला मराठी पाठ्यपुस्तकात ‘निलंबन’ म्हणतात. आपल्या हॉस्टेलमध्ये या शब्दाचा एकच अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो नोटीस बोर्डावर लागतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो की, या लेखात ज्याचं निलंबन झालेलं आहे तो विद्यार्थी नसून मातीचा कण आहे. तो धड तळाला बसत नाही आणि वरही येत नाही, पाण्यात नुसता लटकून राहतो. त्याला खाली ओढायचं काम पृथ्वीचं. पण एकट्या पृथ्वीच्याने ते होत नाही, हे मला सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका आजींनी शिकवलं. पुस्तकात ते आधीपासून होतंच, पण पुस्तक आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो.

हॉस्टेलला नंबर लागण्याआधी आम्ही पाच जण शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहत होतो. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. पाच जणांत भरून ठेवलेलं पिण्याचं पाणी दोन दिवसांत संपायचं, आणि वाड्यातलं बोअर त्या उन्हाळ्यात आटलं होतं. मग टँकर. जुलै महिना, शेततळ्यातून भरून आणलेलं पावसाचं पाणी. बादलीत ओतलं की दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसायचं. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, राहू दे, रात्रभरात बसेल गाळ. सकाळी तळाला थोडी रेती बसली होती आणि वर तोच चहा. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, “काय बे, हे पाणी आहे का रंग?”

खालच्या मजल्यावर मालकांच्या आई राहायच्या. त्यांची घागर याच टँकरच्या पाण्याने भरलेली असायची आणि तासाभरात तिचा तळ दिसायचा. मी विचारलं, तर म्हणाल्या, “तुरटी फिरव की रे.” मी दुकानातून तुरटीचा मोठा खडा आणला, बादलीत टाकला आणि ताक घुसळायच्या रवीने पाच मिनिटं दणादण घुसळलं. शास्त्रशुद्ध मिक्सिंग! आजी जिन्यात उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, “अरे बाळा, ताक करायचंय का? पाण्याला उभं राहू दे जरा.” माझी बादली दुसऱ्या दिवशी सकाळीही धुरकटच होती. वर चव तुरट.

त्यांची पद्धत अशी होती. खडा हातात धरून घागरीत दहा-बारा वेळा भराभर फिरवायचा आणि बाहेर काढायचा. मग लाकडी पळी घेऊन अगदी हळू, देवघरातली आरती ओवाळावी तशी, फिरवत राहायचं. किती वेळ? रामरक्षा म्हणून होईपर्यंत. मग घागर जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, वर झाकण. प्यायला घेताना वरून घ्यायचं, आणि तळाचं चार बोटं पाणी कधीच प्यायचं नाही, ते कुंडीतल्या झाडांना. या पाचही गोष्टींमागे भौतिकशास्त्र आहे, आणि ते कळायला मला पुढची दोन सेमिस्टर लागली.

आधी पृथ्वीची बाजू बघू. पाण्यात पडणाऱ्या बारीक गोल कणाचा वेग किती, याचं गणित जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलं. कणाचं वजन वजा पाण्याचा उद्धारक बल, आणि त्याला विरोध करणारा पाण्याचा चिकटपणा, यांचा मेळ बसला की कण एका ठरावीक वेगाने उतरतो. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी. खरी मेख इथेच आहे. मातीच्या कणाची घनता पाण्याच्या २.६५ पट धरून आकडे घालून बघा. ०.१ मिलिमीटरचा रेतीचा कण सेकंदाला सुमारे ९ मिलिमीटर उतरतो. म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीच्या घागरीत अर्ध्या मिनिटात तळाला. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण सेकंदाला ०.९ मायक्रॉन उतरतो. त्याला तीच घागर उतरायला जवळजवळ चार दिवस लागतात. म्हणजे आमचा गाळ तळाला पोचेपर्यंत नळाला नवीन पाणी आलेलं असायचं! आणि ०.१ मायक्रॉनचा कण? त्याला वर्षाहून जास्त.

हे सुद्धा पाणी शंभर टक्के स्तब्ध आहे असं धरून. प्रत्यक्षात दुपारी घागरीच्या एका बाजूला ऊन लागलं की गरम पाणी वर चढतं, थंड खाली येतं. असा प्रवाह सेकंदाला मायक्रॉनच्या हिशेबात नसतो, त्याहून कितीतरी जास्त असतो. चार दिवस उतरलेला कण चार मिनिटांत पुन्हा वर. जिन्याखालचा अंधारा कोपरा तो एवढ्यासाठी.

आता कणाची बाजू. पाण्याचे रेणू त्याला सगळीकडून सतत धक्के देत असतात. हीच ब्राउनियन गती. एक मायक्रॉनच्या कणाला एका सेकंदात हे धक्के साधारण ०.९ मायक्रॉन इकडे किंवा तिकडे सरकवतात. पृथ्वी त्याच सेकंदात त्याला ०.९ मायक्रॉनच खाली ओढते. बरोबरीचा सामना! दहा मायक्रॉनच्या कणावर पृथ्वी सहज जिंकते: ती ९० मायक्रॉन ओढते, धक्के ०.३ मायक्रॉन हलवतात. ०.१ मायक्रॉनच्या कणावर पृथ्वी सपशेल हरते: ती ओढते मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढं आणि धक्के नेतात तीन मायक्रॉन. कलिल, म्हणजे कोलॉइड, कुठे सुरू होतं याची व्याख्या पुस्तकात ‘एक नॅनोमीटर ते एक मायक्रॉन’ अशी पाठ करायला दिलेली असते. ती रेघ तिथेच का मारली, हे मला तरी हा हिशेब केल्यावर पटलं. एका मायक्रॉनच्या खाली गुरुत्वाकर्षणाचं राज्य संपत येतं.

अगदी संपत मात्र नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरँ याने १९०८ मध्ये गॅम्बोज नावाच्या झाडाच्या चिकाचे एकसारखे बारीक गोळे पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली थराथराने मोजले. दर ३० मायक्रॉन वर गेलं की गोळ्यांची संख्या सुमारे निम्मी. हवेत आपण पाच-साडेपाच किलोमीटर वर गेलो की हवेचा दाब असाच निम्मा होतो. नियम तोच, फक्त हवेचा रेणू हलका म्हणून किलोमीटर आणि चिकाचा गोळा जड म्हणून मायक्रॉन. या मोजणीतून रेणू खरोखर असतात हे शंकेखोरांना मान्य करावं लागलं आणि पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं. सांगायचं कारण एवढंच की, गढूळ पाणी बघून कंटाळा येत असेल तर त्यात नोबेल आहे हे लक्षात ठेवावं.

तर पृथ्वीला मदत हवी. कण मोठा झाला पाहिजे. एकेका कणाला मोठं करता येत नाही, पण अनेकांना एकत्र आणता येतं. मग ते आपले आपण का चिकटत नाहीत? इतके धक्के खातात, एकमेकांवर आदळतही असणार.

इथे आपल्या सोलापूरची माती येते. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेली ही काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर. याचे कण गोळे नसून पापुद्रे असतात, एकेक पदर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात बुटाला किलोभर चिखल, ही त्याचीच करामत. या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो. सगळेच ऋण, त्यामुळे जवळ आले की एकमेकांना ढकलतात. अगदी जवळ आले असते तर व्हॅन डर वाल्सच्या आकर्षणाने घट्ट चिकटले असते, पण तिथवर पोचूच देत नाहीत. हे आकर्षण आणि प्रतिकर्षण एकत्र मांडणारा सिद्धान्त डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि वेर्वे व ओव्हरबीक यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. चौघांची आद्याक्षरं जोडून त्याला डीएलव्हीओ म्हणतात. व्हायव्हात विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

पाण्यात क्षार असले की धन आयन या ऋण पापुद्र्यांभोवती गोळा होतात आणि प्रतिकर्षणाचा पल्ला आखडतो. आयनावर जितका जास्त प्रभार तितकं काम सोपं, आणि ते सरळ दुपटी-तिपटीने नव्हे. शुल्झने १८८२ मध्ये आणि हार्डीने १९०० मध्ये प्रयोगातून दाखवलेला हा नियम डीएलव्हीओच्या गणितात सहाव्या घातावर जातो. सोडियमचं जेवढं प्रमाण लागेल त्याच्या ६४ व्या भागाएवढं कॅल्शियम पुरतं आणि ७२९ व्या भागाएवढा तीन प्रभारांचा आयन. तुरटीतलं ॲल्युमिनियम तीन प्रभारांचं. चिमूटभर तुरटी घागरभर पाण्याला का पुरते, याचा पहिला धागा हा.

दुसरा धागा असा की, ॲल्युमिनियम पाण्यात साधा आयन म्हणून राहतच नाही. त्याची पाण्याशी क्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरट, बुळबुळीत साका तयार होतो आणि तो पापुद्र्यांना गुंडाळून घेतो. या क्रियेत आम्ल सुटतं. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते आम्ल खपतं. आमच्या टँकरच्या पावसाळी पाण्यात ते कमीच असणार, आणि मी तर अख्खा खडा आत सोडून दिलेला! आम्ल वाढलं, पाणी तुरट झालं, आणि ॲल्युमिनियम जास्त झाल्यामुळे ऋण कण चक्क धन होऊन पुन्हा एकमेकांना ढकलू लागले असावेत. लॅबमध्ये जार टेस्टला हे डोळ्यांनी दिसतं. सहा भांड्यांत वाढत्या क्रमाने तुरटी घालतात. तिसरं-चौथं भांडं स्वच्छ आणि सहावं पुन्हा गढूळ. ‘जास्त घातलं की जास्त गुण’ हा आपला औषधाबाबतचा समज इथे साफ खोटा ठरतो.

आजींचा खडा दहा-बारा वेढ्यांत बाहेर यायचा. मात्रा बरोबर. ते वेढे भराभर का? कारण साका बनायला वेळ लागत नाही, त्याआधी तुरटी सगळीकडे पोचली पाहिजे. हे झालं पहिलं काम. पुढचं त्याहून अवघड: आता चिकटायला तयार झालेल्या कणांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची.

गाठ घालून देणारे तीन मध्यस्थ आहेत. पहिली ब्राउनियन गती. याचं गणित पोलंडच्या स्मोलुचोव्हस्कीने १९१६-१७ च्या सुमारास केलं. लिटरला १०० मिलिग्रॅम माती आणि कण एक मायक्रॉनचे धरले तर प्रत्येक टकरीत चिकटले तरी संख्या निम्मी व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात. ठीक आहे, असं वाटतं. पण कण कमी झाले की टकराही कमी होतात. निम्म्याचे पाव व्हायला आणखी ८० मिनिटं, आणि हजारावा भाग उरायला जवळपास महिना. वधूवर सूचक मंडळात शेवटी उरलेल्यांचं जे होतं तेच.

दुसरा मध्यस्थ म्हणजे ढवळणं. ढवळल्यावर शेजारशेजारचे पाण्याचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि एका थरातला कण दुसऱ्या थरातल्याला गाठतो. यात टकरींचा दर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक मायक्रॉनला हळू ढवळणं आणि ब्राउनियन गती यांचा परिणाम साधारण सारखाच, पण दहा मायक्रॉनला ढवळणं हजारपट भारी. मग जोरात का ढवळू नये? कारण जो ताण दोन कणांना भेटवतो तोच तयार झालेली गुठळी फाडतो. मी रवीने पाच मिनिटं तेच केलं. गुठळ्या बनत होत्या आणि मीच त्या मोडत होतो. सिव्हिलच्या मुलांना ‘जी व्हॅल्यू’ माहीत आहे, ती कॅम्प आणि स्टाइन यांनी १९४३ मध्ये आणली. आपल्याकडच्या सीपीएचईईओच्या मॅन्युअलमध्ये गुठळ्या बनवताना ही किंमत दर सेकंदाला १० ते ७५ एवढीच ठेवायला सांगितली आहे. सुरुवातीच्या झटपट मिसळण्याला मात्र ३०० च्या वर. आधी भराभर, मग हळू. आजींनी हे मॅन्युअल वाचलेलं नव्हतं.

तिसरा मध्यस्थ म्हणजे स्वतः गुरुत्वाकर्षण, आणि हा लेख खरं तर त्याच्यासाठी. एकसारखे दोन कण शेजारी पडत असतील तर ते एकाच वेगाने पडतात आणि कधीच भेटत नाहीत. पृथ्वी समानांची गाठ घालत नाही. पण एक मोठा आणि एक छोटा असेल तर मोठा वेगाने खाली येताना वाटेतल्या छोट्यांना गाठत, गोळा करत येतो. मोठा झाला की अजून वेगाने, अजून गोळा करत. हा दर ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. गणपतीच्या मिरवणुकीत मोठं पथक पुढे सरकताना गल्लीतल्या पोरांना सामील करून घेतं, तसं. म्हणजे लहान असताना ज्याला पृथ्वी विचारत नव्हती, तोच थोडा मोठा झाला की पृथ्वी त्याच्यामार्फत बाकीच्यांना खाली आणते. ढवळणं थांबवल्यावरही पाणी निवळत राहतं ते यामुळे. ‘पाण्याला उभं राहू दे’ याचा अर्थ हाच होता. गुठळ्या फक्त खाली बसत नसतात, खाली येता येता बनतही असतात.

पण यात एक गोम आहे. गुठळी भरीव नसते. कण जिथे आदळला तिथेच चिकटतो, आतल्या पोकळीत जाऊन बसत नाही. त्यामुळे गुठळी कापसाच्या बोळ्यासारखी, आत बहुतेक पाणीच. एक मायक्रॉनच्या कणांनी १०० मायक्रॉनचा भरीव गोळा बनवायला दहा लाख कण लागतील, पण अशा विरळ गुठळीत साधारण दहा हजारच असतात. म्हणून १०० मायक्रॉनची रेती सेकंदाला ९ मिलिमीटर उतरते, तर तेवढीच गुठळी ०.०९ मिलिमीटर. शंभरपट मंद. तरीही सुट्या कणापेक्षा शंभरपट वेगवान! ३० सेंटिमीटरची घागर ती ५५ मिनिटांत उतरते. आजींच्या घागरीचा तळ तासाभरात दिसायचा. हा हिशेब वहीत पहिल्यांदा जुळला तेव्हा मेसची वेळ निघून गेली होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शहराला पाणी देताना हेच प्रकरण मोठ्या मापाने चालतं. सोलापूरला पाणी येतं ते उजनीचं, काही थेट पाइपने पाकणीला, काही भीमेतून टाकळीला उचलून सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्राला. १९८० मध्ये पूर्ण झालेलं उजनी धरण ही सुद्धा एक प्रचंड घागरच. नदीचं पाणी तिथे थबकतं आणि रेती, पोयटा तिथेच बसतो. पण मायक्रॉनच्या खालचा पापुद्रा धरणालाही दाद देत नाही. शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड मिसळून, हळू ढवळून, पाणी गोल टाकीत संथ वर चढवतात. वर चढण्याचा वेग दिवसाला ३० ते ४० मीटर, म्हणजे सेकंदाला ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. आपल्या १०० मायक्रॉनच्या गुठळीला हा वेग झेपत नाही, ती पाण्याबरोबर वाहून जाईल. इथे अर्ध्या मिलिमीटरची, टाचणीच्या डोक्याएवढी गुठळी लागते. म्हणूनच प्लांटवरचे अनुभवी लोक ढवळणाऱ्या पात्यांचा वेग किती ठेवला यापेक्षा पाण्यात वाकून ‘फ्लॉक कसा दिसतोय’ ते बघतात.

इथे एक उलटा प्रकार सांगायलाच हवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गुठळ्या म्हणजे पृथ्वीची सोय एवढंच. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा’. त्यातले कण अजिबात गुठळ्या न करणारे ठेवले तर ते फार हळू बसतात, पण बसतात तेव्हा एकेक करून फटीफटीत घट्ट रचले जातात आणि तळाशी दगड होतो. कितीही हलवा, निघत नाही. जुन्या रंगाच्या डब्याच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हर मोडलेल्यांना हे माहीत आहे. म्हणून औषध बनवणारे मुद्दाम सैल गुठळ्या करवतात. त्या लवकर बसतात, पण फुलून बसतात आणि दोन झटक्यांत पुन्हा मिसळतात. लहान मुलाला दिलेल्या पहिल्या चमच्यात नुसतं पाणी आणि शेवटच्या चमच्यात दुप्पट औषध जाऊ नये, यासाठी ही सगळी खटपट.

आणि पृथ्वी बाजूला काढली तर? १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये कोलंबिया यानातून एकसारख्या सूक्ष्म गोळ्यांची निलंबनं वर पाठवली होती. जमिनीवर वर्षभर ठेवूनही ज्या दाट नमुन्याची काच जशीच्या तशी राहिली होती, त्यात अवकाशात दोन आठवड्यांच्या आत स्फटिक तयार झाले. खाली असताना कण बसण्याच्या गडबडीत नीट रचलेच जात नव्हते. पुढे अंतराळ स्थानकावर २००४ पासून बीसीएटी नावाने अशा प्रयोगांची मालिकाच झाली. आपण गुरुत्वाकर्षण इतकं गृहीत धरतो की त्याने काय काय बिघडवलंय हे बघायला त्याच्या बाहेर जावं लागतं.

आता जी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं ती. आजींकडून पद्धत शिकून घेतल्यावर आमच्या खोलीत पाणी काचेसारखं दिसायला लागलं. मी तर पाहुण्यांना पेला उजेडात धरून दाखवायचो. ऑगस्टमध्ये खोलीतला एक मित्र उलट्या-जुलाबांनी आजारी पडला. दोन दिवस सलाइन, हात बर्फासारखे गार. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी अभिमानाने म्हणालो, तुरटी फिरवलेलं, एकदम स्वच्छ. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढे लिहायला लागले.

त्या रात्री वाड्यात परत आल्यावर मी आमचं पिंप बघितलं. आम्ही पाच जण, उन्हाळ्यातली सवय, पाणी वाया घालवायचं नाही. वरचं संपलं की पिंप कलतं करून शेवटचा पेलासुद्धा काढायचो. जीवाणू हे साधारण एक मायक्रॉनचे, तेही ऋण प्रभाराचे. तुरटी त्यांना मातीसारखंच पकडते आणि गुठळीबरोबर खाली आणते. मारत नाही. म्हणजे वरच्या पाण्यात ते कमी झाले होते आणि तळाच्या चार बोटांत सगळे गोळा झाले होते. गुरुत्वाकर्षणाने इमानाने आपलं काम केलं होतं आणि आम्ही नेमकं तेच पीत होतो. मित्राचं आजारपण त्याच पेल्याचं की गाड्यावरच्या कशाचं, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण पिंप कलतं करण्याचा पाळीचा दिवस त्याचा होता, हे मला आठवतं.

विषाणू तर एक मायक्रॉनच्याही कितीतरी खालचे. तेव्हा निवळलेलं पाणी उकळायचं किंवा त्यात क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास ठेवायचं, हे वेगळं काम आहे आणि ते निवळल्यानंतरच करायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं आणि जंतू गाळाच्या आड लपून राहतात. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकात पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा शक्यतो १ एनटीयू आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त ५ एनटीयू चालेल असं म्हटलंय, ते केवळ दिसायला बरं म्हणून नव्हे. आजी नातवासाठीचं पाणी वेगळं उकळायच्या. ते मी रोज बघत होतो आणि विचारलं नव्हतं.

हॉस्टेलला आल्यावर मी खिडकीत तीन बाटल्या मांडल्या. होटगी रस्त्याकडच्या एका शेतातली मूठभर काळी माती पाण्यात कालवून एक दिवस ठेवली आणि वरचा गढूळ भाग तिन्हीत थोडा थोडा घातला. पहिलीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. दुसरीत तेच डिस्टिल्ड पाणी आणि किंचित खाण्याचा सोडा घालून वर तुरटीचे चार थेंब. तिसरीत आपल्या बोअरचं पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही ते. तुरटीची बाटली तासाभरात निवळली, त्यात आता नवल नाही. पण बोअरची बाटली सुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप स्वच्छ झाली होती, तुरटीचा कणही न घालता! बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनेच काम केलं. ज्या पाण्याला आपण आंघोळीच्या वेळी शिव्या देतो त्याच पाण्याने. शेततळ्यातलं पावसाचं पाणी मऊ होतं, म्हणूनच त्यातला गाळ लटकून राहिला होता. भीमा कृष्णेला मिळून पुढे बंगालच्या उपसागरात जाते, तिथे खाऱ्या पाण्याशी गाठ पडल्यावर आपल्याकडच्या मातीचे उरलेसुरले पापुद्रे असेच गुठळ्या होऊन मुखाशी बसत असणार.

पहिली, डिस्टिल्ड पाण्याची बाटली अजून खिडकीत आहे, अजून गढूळ. वरचं बोटभर किंचित फिकं झालंय असं मला वाटतं, रूममेट म्हणतो तुला भास होतोय. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारला की प्रकाशाची रेघ आरपार स्पष्ट दिसते. येऊन बघायला हरकत नाही. तिच्यावर ‘कृपया हलवू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, कारण ४१ व्या दिवशी कुणीतरी सरबत समजून ती हलवली होती आणि मला दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.